रात्री आठ ते सकाळी आठ : ट्रेलरच्या जनरेटरच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार. ऑरोरा, कोलोरॅडो

हिवाळाभर ट्रेलरवर घातलेलं कव्हर आज काढलं. २२ फुटी कॅम्पिंगचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं छोटं घर, आमच्याकडचा हा त्याचा तिसरा हंगाम. आजवर जिथे गेलो तिथे विजेचा खांब होता. ३० अँपिअरचा प्लग लावला की घरच. यंदा तसं नाही. जूनमध्ये आई-बाबा सांगलीहून येतायत आणि त्यांना यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान दाखवायचं आहे. मॅडिसन कॅम्पग्राउंडला चार रात्रींचं बुकिंग मिळालं. तिथे विजेचा खांब नाही. आणि बाबांना झोपताना सीपॅप लागतो. झोपेत श्वास अडतो म्हणून गेली चार वर्षं ते त्या मशिनशिवाय एक रात्रही झोपलेले नाहीत. म्हणजे जनरेटर घेणं आलं.

दुपारी दुकानात जाऊन आलो. विक्रेत्याने एकच प्रश्न विचारला, एसी किती बीटीयूचा (थंड करण्याची क्षमता)? १३,५००, म्हटलं. मग ३००० वॉटच्या खाली बघूच नका, म्हणाला. मशिन समोरच होती, चाकं लावलेली, बटणावर सुरू होणारी. घ्यायच्या बेतातच होतो, पण एक रात्र थांबू म्हणून परत आलो.

रात्री आठला बाबांना फोन केला, तिकडे सकाळचे साडेसात. बाबा वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ३१ वर्षं इलेक्ट्रिकल खात्यात होते, शेवटची काही वर्षं फोरमन. जनरेटर म्हटल्यावर त्यांनी किंमत विचारली नाही, कंपनी विचारली नाही.

"लोड काढलास का?"

"एसीला तीन हजार लागतात म्हणाला."

"त्याला विकायचंय. तुला चालवायचंय. लोडचा कागद आधी, मशिन नंतर."

२० एप्रिल, शनिवार

लोडचा कागद.

घराच्या बाजूला ३० अँपिअरचं सॉकेट आहे, त्यावर ट्रेलर लावला आणि एकेक वस्तू सुरू करून क्लॅम्प मीटरने मोजली. मीटर अख्ख्या केबलभोवती अडकवला तर शून्यच दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. म्हणून फूटभर लांबीची, तिन्ही तारा सुट्या असलेली एक जोडकेबल बनवली आणि फक्त फेजची तार मीटरच्या जबड्यात घेतली.

एसी, कॉम्प्रेसर चालू असताना १२.१ अँपिअर, म्हणजे साधारण १४०० वॉट. नुसता पंखा ३ अँपिअरच्या आत. मायक्रोवेव्हच्या दारावर ९०० लिहिलंय, पण ती अन्नाला मिळणारी शक्ती. भिंतीतून तो १४०० ओढतो. गिझरचं विजेचं कॉइल १४००. फ्रिज विजेवर ३१०. चहाची किटली १५००. हिचा मिक्सर ५५०, चटणी घट्ट असेल तर सहाशेच्या वर.

सगळ्याची बेरीज केली तर साडेसहा हजार वॉटच्या वर जाते. पण ही बेरीजच चुकीची आहे. फ्रिज गॅसवर चालतो, गिझर गॅसवर चालतो, चहा गॅसच्या शेगडीवर होतो आणि हिच्या मते चांगलाही होतो. ट्रेलरच्या पुढच्या टोकावर २० पौंडांच्या दोन प्रोपेनच्या टाक्या आहेतच. जे गॅसवर होतं ते विजेच्या कागदावरून खोडलं. मिक्सरचं काम घरून निघण्यापूर्वी उरकायचं. शेंगदाण्याचं कूट आणि ओल्या नारळाचं वाटण डब्यात भरून न्यायचं.

कागदावर उरलं काय? एसी, मायक्रोवेव्ह आणि बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर. एसी आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी लावायचे नाहीत, हा नियम घरात आजच जाहीर केला.

२७ एप्रिल, शनिवार

आज एसीचा सुरू होतानाचा झटका मोजला. क्लॅम्प मीटरवर त्यासाठी वेगळं बटण आहे, पहिल्या क्षणाचा करंट ते पकडून ठेवतं. ५८ अँपिअर! चालताना बारा, सुरू होताना अठ्ठावन्न. दुकानदाराचे ३००० वॉट या झटक्यासाठी होते, चालवण्यासाठी नव्हते. हे त्याने सांगितलं असतं तर मला आवडलं असतं.

यावर सॉफ्ट स्टार्टर मिळतो. ट्रेलरच्या छतावर एसीच्या झाकणाखाली बसवायचा छोटा डबा. कॉम्प्रेसरला एकदम धक्का न देता हळूहळू वेगात आणतो. बाबांना फोनवर समजावून सांगायला लागलो, तर त्यांनी अर्ध्यातच थांबवलं.

"आपला स्टार-डेल्टाच की हा. कारखान्यात एवढ्या मोठमोठ्या मोटारी, त्या काय थेट टाकत होतो का लाइनवर? अख्ख्या कॉलनीतले दिवे मिणमिणले असते."

स्टार-डेल्टामध्ये मोटार आधी स्टार जोडणीत सुरू करतात, तेव्हा लाइनमधून एकतृतीयांश करंट जातो. वेग आला की डेल्टामध्ये टाकतात. सॉफ्ट स्टार्टर हेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतो. मागवून टाकला.

४ मे, शनिवार

आज ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ गेला ती म्हणजे उंची. आणि मला वाटतं इकडच्या लोकांनी मशिन बघण्याआधी हीच बघायला हवी.

इंजिनाला जाळायला हवा लागते आणि वर हवा विरळ. होंडाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, दर १००० फुटांना ताकद साधारण ३.५ टक्के कमी होते, आणि हे कार्बुरेटर उंचीसाठी जुळवून घेतल्यावरसुद्धा. ५००० फुटांच्या वर सतत वापरायचं असेल तर कार्बुरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक असलेला भाग, बदलायला सांगतात. शेजारचं डेन्व्हरच मुळात ५,२८० फुटांवर. म्हणजे आम्ही राहतो तिथेच ही अट लागू.

होंडा ईयू २२०० आय धरून हिशेब केला. नावातले २२०० वॉट क्षणभराचे, सतत देता येतात ते १८००. हे आकडे समुद्रसपाटीचे. ऑरोरात ते १४६० होतात. मॅडिसनला, ६,८०० फुटांवर, १३७०. लेडव्हिलजवळच्या ट्विन लेक्सला, ९,२०० फुटांवर, १२२०. म्हणजे १४०० वॉटचा एसी घरच्या अंगणात जेमतेम चालेल आणि डोंगरात चालणार नाही.

पण नऊ हजार फुटांवर एसी लावतो कोण? तिथे जूनमध्येसुद्धा रात्री स्वेटर लागतो. जिथे जनरेटरची ताकद कमी पडते तिथे एसीची गरजही संपते. हे कागदावर शेजारी-शेजारी लिहिल्यावर लक्षात आलं. तोवर मी दोन्ही आकडे वेगवेगळ्या पानांवर घेऊन बसलो होतो.

११ मे, शनिवार

सॉफ्ट स्टार्टर बसवला. छतावर तीन तास. चार तारा, पण एसीच्या आतल्या तारांचे रंग आकृतीतल्या रंगांशी जुळेनात, म्हणून प्रत्येक तार कपॅसिटरपासून कॉम्प्रेसरपर्यंत बोटाने माग काढून निश्चित केली. कपॅसिटर आधी डिस्चार्ज केला. वीज बंद असली तरी तो झटका देतो. आता सुरू होताना २१ अँपिअर. ५८ वरून २१. संध्याकाळी बाबांना आकडा कळवला. "ठीक," म्हणाले. बाबांचं ठीक म्हणजे पुष्कळ झालं.

१२ मे, रविवार

मंडळातल्या एका मित्राने त्याचा जुना उघड्या सांगाड्याचा ४००० वॉटचा जनरेटर बघायला आणून दिला. दोन वर्षं पडून होता, सुरू होईना. कार्बुरेटर उघडला तर वाटीच्या तळाशी वार्निशसारखा पिवळा थर. पेट्रोल टाकीत तसंच पडून राहिलं की असा राळेसारखा चिकटा धरतो. मुख्य जेटचं भोक केसाएवढं. उजेडासमोर धरलं तर पलीकडचं दिसेना. तांब्याच्या केबलमधली एक बारीक तार सोडवून हलक्या हाताने फिरवली, क्लीनर मारला, पुन्हा उजेडासमोर धरलं. टाचणीच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका दिसला. तिसऱ्या दोरीला इंजिन सुरू.

आणि मग तो आवाज. साध्या जनरेटरला ६० हर्ट्झ द्यायचे तर इंजिन सतत मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर पळवावं लागतं, भार एका बल्बचा असो की एसीचा. (भारतात ५० हर्ट्झ, म्हणून तिकडे ३०००.) इन्व्हर्टर जनरेटरमध्ये आधी डीसी (एकाच दिशेचा करंट) करून मग त्यातून एसी (दिशा बदलणारा) करंट बनवतात, त्यामुळे इंजिनाला भाराप्रमाणे हळू-जलद होता येतं. सगळा फरक तिथे आहे.

अंगणात उभा असताना भारनियमनाच्या काळातली सांगलीची पेठ आठवली. प्रत्येक दुकानाच्या पायरीवर एक जनरेटर, पेट्रोलवर सुरू करायचा आणि कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचा. त्या धुरातून आणि गोंगाटातून शाळेतून घरी यायचो. त्या आवाजावाचून तिथे कुणाला गत्यंतर नव्हतं. झाडाखाली तंबू टाकून झोपलेल्या माणसाला मात्र तो माझ्यामुळे ऐकावा लागू नये. राष्ट्रीय उद्यानांचा नियमही तोच सांगतो: ५० फुटांवर ६० डेसिबलपेक्षा जास्त नको. उघड्या सांगाड्याचा पर्याय इथे संपला. मित्राचा जनरेटर साफ करून, टाकी रिकामी करून परत दिला.

१८ मे, शनिवार

आज सगळं उलटं झालं.

यलोस्टोनचे नियम नीट वाचत होतो. जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेतच. रात्री ८ ते सकाळी ८ शांतता, जनरेटर बंद.

सीपॅप रात्री लागतो!

मी महिनाभर एसीचा झटका, उंची, डेसिबल मोजत बसलो आणि ज्या कारणासाठी हे सगळं सुरू झालं त्या बारा तासांत जनरेटरला परवानगीच नाही. ३००० वॉटचा घ्या नाहीतर ७००० चा, बाबांच्या मशिनला त्याचा थेट उपयोग शून्य. रात्र बॅटरीची आहे. जनरेटरचं काम एवढंच, की रात्री रिकामी झालेली बॅटरी दिवसा भरायची.

म्हणून नवा कागद घेतला. वर लिहिलं : रात्रीचा लोड, १२ व्होल्ट.

बाबांकडे त्यांच्या मशिनचं मॉडेल विचारून घेतलं; १२ व्होल्टवर चालवायचा अडॅप्टर मिळतो. तो वापरला म्हणजे आधी १२० व्होल्ट बनवून पुन्हा खाली उतरवण्यातलं नुकसान टळतं. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर दीड अँपिअर, मंद ठेवला तर तीन. इथली हवा इतकी कोरडी आहे की ह्युमिडिफायर बंद ठेवून बाबांना झोपवणार नाही. तीन अँपिअर, नऊ तास, २७ अँपिअर-तास. फर्नेस, म्हणजे ट्रेलर गरम ठेवणारा हीटर, गॅसचा असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर, साडेसात अँपिअर. मॅडिसनला जूनमध्ये पहाटे पारा शून्याच्या आसपास जाऊ शकतो, तेव्हा दहा तासांतला निम्मा वेळ चालेल असं धरलं, ३७. फ्रिजचं सर्किट, गॅस-अलार्म वगैरे गुपचूप खाणारी मंडळी, १०. दिवे, पाण्याचा पंप, फोन, ५.

एकूण ७९ अँपिअर-तास.

ट्रेलरबरोबर आलेली बॅटरी लेड-ॲसिडची, ८० ची. निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणजे हातात ४०. ते ४० पहाटे दोन-अडीचलाच संपले असते, आणि उजाडेपर्यंत फर्नेस आणि बाबांचं मशिन दोन्ही बंद पडायची भीती. हे मी आज वाचलं नसतं तर तिथे जाऊन कळलं असतं, तेही झोपेत.

जेवताना हिला सांगितलं. ती म्हणाली, "मग बॅटरी घे ना आधी. जनरेटर जनरेटर काय लावलंयस महिनाभर?"

१९ मे, रविवार

निर्णय.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या. यातलं ८० टक्के निःशंक वापरता येतं, म्हणजे १६०. एखाद्या दिवशी जनरेटर सुरूच झाला नाही तरी दुसरी रात्र निघते. बाबांच्या श्वासाच्या बाबतीत मला ही दुसरी रात्र हवीच आहे.

जुना कन्व्हर्टर लिथियम पूर्ण भरत नाही, व्होल्टेज कमी पडतं. म्हणून ५५ अँपिअरचा, १४.६ व्होल्टपर्यंत जाणारा नवा. ७९ भरायला दीड तास.

आणि जनरेटर? आता त्याच्यापुढे फक्त या कन्व्हर्टरचा भार आहे. हिशेबाने ९०० वॉटच्या आसपास. ट्विन लेक्सच्या १२२० मध्येसुद्धा बसतो. ३००० चा घेतला तर वजन १३१ पौंड, जवळपास ५९ किलो. पिकअपच्या फळीवर तो एकट्याने चढवणं माझ्या कंबरेला झेपणारं नाही. २२०० चा २१.५ किलो, एका हाताने उचलता येतो. १००० वॉटचे त्याहून हलके मिळतात, पण कन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर वाईट असतो. वॉट ९०० असले तरी करंट जास्त ओढतो, छोट्या मशिनचं ओव्हरलोड लागतं. तो मोह सोडला.

प्रोपेनवर चालणारा घ्यावा का, यावर दोन दिवस गेले. गॅस शिळा होत नाही, कार्बुरेटर चिकटत नाही, मित्राच्या मशिनचा तो पिवळा थर डोळ्यांसमोर होता. पण प्रोपेनवर ताकद आणखी दहाएक टक्के घटते, आणि त्याच टाक्यांवर फर्नेस, फ्रिज, स्वयंपाक आहे. थंडीच्या रात्रीचा गॅस मला दिवसा इंजिनात जाळायचा नाही. पेट्रोल.

एसीसाठी दुसरा तसाच जनरेटर घेऊन दोन्ही जोडता येतात. तो विचार बाबांना सांगितला.

"एसी कुठं लागतो तुला?"

"खाली, उन्हाळ्यात. युटाकडे, मोअॅबला."

"तिथं खांब मिळतो का?"

"मिळतो."

"मग खांबाला लाव की. खांब असताना डीजी कशाला?" (डीजी म्हणजे डिझेल जनरेटर, बाबांचा कारखान्यातला शब्द.)

एकच घेतोय. सौर पॅनेल यंदा नाही. मॅडिसनला लॉजपोल पाइनची दाट सावली आहे.

२५ मे, शनिवार

जनरेटर आला. त्यात ऑइल नसतं, आधी भरावं लागतं: १०डब्ल्यू-३०, ४०० मिलिलिटर. उंचीचा जेट दुकानात नव्हता, मागवलाय.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट. कोलोरॅडोत पंपावर साधं म्हणून जे मिळतं ते ८५ ऑक्टेन. पुस्तिकेत किमान ८६ सांगितलंय. म्हणून मधल्या नळीचं भरायचं. डब्यावर जाड पेनाने तसं लिहून ठेवलं, म्हणजे घरात कुणीही भरून आणलं तरी चूक होणार नाही.

ट्रेलरमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म काढून मागचा शिक्का बघितला. मुदत गेल्या वर्षीच संपलेली! हिरवा दिवा मात्र खुशाल चालू. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. आजच्या आज नवा आणून बसवला. जनरेटर ट्रेलरपासून किमान २० फुटांवर, धुराड्याचं तोंड पलीकडे, वारा आपल्याकडून त्याच्याकडे. त्यासाठी २५ फुटांची जाड, १० गेजची केबल घेतली. बारीक केबल तापते आणि व्होल्टेज खाते.

१ जून, शनिवार

अंगणात एसी लावून पाहिला, माहीत असावं म्हणून. बाहेर ३१ अंश. इको मोड (भार कमी असताना इंजिन हळू चालवणारा) बंद केला, बाकी सगळं बंद, मग एसी. इंजिनाचा आवाज खोल गेला, दोन सेकंद धरून राहिला आणि सावरला. वीस मिनिटं चालला. मग कन्व्हर्टर सुरू केला आणि अर्ध्या मिनिटात लाल दिवा, वीज गेली. कागदाने जे सांगितलं होतं तेच मशिनने सांगितलं.

८ जून, शनिवार. ट्विन लेक्स

आई-बाबा गुरुवारी आले. एकदम नऊ हजार फुटांवर रात्र नको म्हणून ते दोघं आणि ही घरीच. मी आणि मुलगी एका रात्रीच्या चाचणीला आलो.

जनरेटर चालला, पण अडखळत, आणि धुराड्यातून काळपट धूर. जेट अजून आलेला नाही. स्पार्क प्लग काढला तर काजळीने मखमलीसारखा काळा. हवा विरळ आणि पेट्रोलचं प्रमाण समुद्रसपाटीचंच, म्हणून अर्धवट जळतंय. ब्रशने साफ करून पुन्हा लावला. जेटशिवाय यलोस्टोनला जायचं नाही.

रात्रीची बॅटरी मात्र हिशेबात बसली. सीपॅपच्या जागी तीन अँपिअरचा एक दिवा लावून ठेवला होता. सकाळी मीटरवर ८३ गेलेले. कागदावर ७९.

१५ जून, शनिवार

जेट बसला. स्पार्क प्लग आता तपकिरी, हवा तसा.

आज दुसरंच विघ्न. ट्रेलरच्या तोंडाशी मी सर्ज प्रोटेक्टर (सदोष वीज आत न सोडणारा डबा) लावतो, तो जनरेटरची वीज आत घेईना. अर्थ तुटलाय असं दाखवत होता. ट्विन लेक्सला घाईत तो न लावताच थेट जोडणी केली होती, म्हणून तिथे कळलं नाही. सॉकेट तपासलं, केबल तपासली, सगळं सलग.

बाबा खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. अजून जेटलॅग होता, डोळे जड. म्हणाले, "याचा न्यूट्रल कुठं बांधलाय?"

मी बघितलं. कुठेच नाही. घरच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका जागी जोडलेले असतात. या छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल तरंगता सोडलेला असतो. प्रोटेक्टर त्या दोघांमधलं नातं शोधतो आणि ते न सापडल्यामुळे दार बंद करतो.

"डीजी बसवला की पहिलं काम न्यूट्रल अर्थिंग. खड्डे खणून पट्ट्या टाकायचो आम्ही."

इथे खड्डा नको. एका प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडायचे आणि तो प्लग जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावायचा. असा तयार प्लग मिळतो, तोच आणला. लावला, प्रोटेक्टरने दोन मिनिटं मोजली आणि वीज आत सोडली. प्लगला लाल टेप गुंडाळून त्यावर लिहिलं, 'फक्त जनरेटर'. खांबाच्या विजेवर हा कधीच लावायचा नाही, तिथे तो जोड आधीच असतो.

बाबा उठून जनरेटरजवळ गेले आणि झाकणावर तळहात ठेवून मिनिटभर तसेच उभे राहिले. लहानपणी कारखान्यात त्यांना पंपांवर असाच हात ठेवताना बघितलंय.

२५ जून, मंगळवार. मॅडिसन, यलोस्टोन

काल दुपारी पोहोचलो. इथे गिबन आणि फायरहोल या दोन नद्या एकत्र येऊन मॅडिसन नदी होते. आईने संगम म्हटल्याबरोबर हात जोडले. ओल्ड फेथफुल हे उकळत्या पाण्याचं कारंजं इथून १६ मैल, उद्या.

रात्री आठला शेजारच्या दोन ट्रेलरचे जनरेटर एकापाठोपाठ थांबले आणि नदीचा आवाज पुढे आला. साडेनऊला बाबांनी मास्क चढवला. बॅटरी ९८ टक्के. मी दोनदा उठून मीटर बघितला. एकदा साडेबाराला, एकदा पावणेचारला. पावणेचारला ७१ टक्के, बाहेर २ अंश, फर्नेस चालू, आणि पडद्यामागून सीपॅपचा एकसारखा मंद सूं-सूं. त्यानंतर झोपलो.

सकाळी सातला ६० टक्के. आठ वाजून पाच मिनिटांनी जनरेटर सुरू केला. वारा नदीकडून होता, म्हणून केबल पूर्ण सोडून मशिन रस्त्याच्या बाजूला ठेवलं. साडेनऊपर्यंत भरली. लिटरभर पेट्रोल.

त्या दीड तासातच हिने मायक्रोवेव्ह लावला आणि पोळ्या गरम करायला घेतल्या, तर ओव्हरलोड. कन्व्हर्टर आणि मायक्रोवेव्ह एकत्र नाहीत, हे मी घरात सांगायलाच विसरलो होतो. पोळ्या तव्यावर झाल्या.

२७ जून, गुरुवार. मॅडिसन

बाबांनी माझी वही ताब्यात घेतली आहे. कारखान्यात शिफ्टचं लॉगबुक भरत तसं, पट्टीने रकाने आखून: वेळ, व्होल्ट, लोड, बॅटरी, शेरा, सही. त्यांच्या अक्षरात तीन दिवसांच्या ओळी आहेत. आजची अशी :

०८.०४ चालू. ११९ व्होल्ट. ९१० वॉट. ५७ टक्के. आवाज ठीक.
०९.१० रानगवा रस्त्यावर, माणसं आत घेतली. मशिन चालू ठेवलं.
०९.३८ बंद. १०० टक्के. रात्री झोप चांगली. सही.

बायसनला त्यांनी रानगवा लिहिलंय, तेच राहू दिलं.

६ जुलै, शनिवार. ऑरोरा

पहिल्या महिन्यात किंवा २० तासांत, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलायचं. तास १२ झालेत, महिना उलटून गेला. बाबांनीच करतो म्हटलं. मशिन दहा मिनिटं चालवून ऑइल कोमट केलं, तिरपं धरून जुन्या डब्यात काढलं. त्यातला एक थेंब त्यांनी अंगठा आणि तर्जनीमध्ये घेतला, हळूहळू चोळला, मग उन्हात बोटं वळवून बघितली.

"कणी नाही," म्हणाले, आणि पुसायला फडकं मागितलं.